मोटारीचे वैद्य, कोठावळे आणि पंच

यंत्रांचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा यंत्र शोधून काढणाऱ्याचें चरित्र सांगतात, फार तर कारखाना उभारणाऱ्याची दौलत मोजतात, आणि तेथेंच लेखणी खालीं ठेवतात. परंतु कोणतेंही यंत्र जन्मास एकदांच येतें आणि पुढें आयुष्यभर मोडत राहतें. तें मोडल्यावर त्याच्याजवळ कोण जातो, त्यास ही विद्या कोणीं दिली, त्याच्या श्रमाचें मोल कोण ठरवितो, हा इतिहास सहसा लिहिला जात नाहीं. कारण तो घडविणाऱ्यांच्या हातांस वंगण लागलेलें असतें, आणि लिहिणाऱ्यांच्या हातांस शाई.

मोटारगाडीच्या भोंवतीं गेल्या सव्वाशें वर्षांत असे तीन धंदे उभे राहिले. पहिला दुरुस्तीचा, दुसरा सुट्या भागांच्या कोठाराचा, आणि तिसरा टक्कर झालेल्या गाडीची नुकसानी मोजण्याचा. पहिल्यास वैद्य म्हणावें, दुसऱ्यास कोठावळा, तिसऱ्यास पंच. आमच्या सुशिक्षित घरांतून मुलानें मोटारीचें इंजिन आंखावें अशी आकांक्षा असते. तेंच इंजिन त्यानें उघडावें अशी इच्छा मात्र कोणी बोलून दाखवीत नाहीं. या तीन धंद्यांची कुळकथा पाहिली तर ही नावड केवळ आमच्याच देशाची नव्हे, आणि ती सर्वस्वीं निष्कारणही नव्हे, असें दिसून येईल.

इ. स. १८८८ च्या ऑगस्टांत बेर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांसह, नवऱ्यास न कळवितां, त्यानें बनविलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइम येथें माहेरीं निघाली. सुमारें शंभर किलोमीटरांची ही वाट. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून ती पुस्तकांत नमूद असते. पण मला ती दुरुस्तीच्या इतिहासाचें पहिलें पान वाटते. इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. इंधन संपलें, तें वीसलोख गांवच्या औषधविक्याकडून विकत घेतलें. सांखळीचें काम एका लोहारानें करून दिलें. लांकडी ब्रेक झिजले, तेव्हां चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. म्हणजे नव्या यंत्राचे पहिले वैद्य ते जुनेच बलुतेदार होते. पुढें अमेरिकेंतही हेंच घडलें. गांवोगांव मोटार प्रथम शिरली ती लोहाराच्या भात्याजवळ, किंवा सायकलवाल्याच्या दुकानांत. ज्या हातांस समाजानें आधींच खालचें आसन दिलें होतें, त्यांच्याच हातीं हें काम आलें, आणि कामाबरोबर तें आसनही आलें.

शहरांतील धनिकांची गोष्ट थोडी निराळी. त्यांनीं मोटार घेतली ती घोड्याच्या बग्गीच्या जागीं, आणि कोचमनच्या जागीं नेमला शोफर. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटविणारा असा आहे. पण कोचमन आणि शोफर यांत एक मोठें अंतर होतें. घोड्याविषयीं मालकास स्वतःसही चार गोष्टी कळत. इंजिनाविषयीं कांहींच कळत नसे. गाडी मालकाची खरी, पण तिचें मर्म नोकरास ठाऊक. इ. स. १९०० नंतरच्या पहिल्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेंतील मोटारविषयक मासिकांतून शोफरांविषयीं तक्रारींचा पाऊस पडत होता. ते गॅरेजवाल्यांकडून टायर-तेलाच्या खरेदीवर दलाली खातात, मालक झोपल्यावर गाडी फिरावयास नेतात, आणि बोलतात तर बरोबरीच्या नात्यानें! तक्रारींत तथ्य नव्हतें असें नाहीं. पण त्यांच्या मुळाशीं जी खरी बोच होती ती चोरीची नव्हे. आपल्याहून खालच्या माणसास आपल्याहून अधिक कळतें, आणि त्याच्या शब्दावांचून आपणांस गत्यंतर नाहीं, ही ती बोच होय. मोटारदुरुस्तीच्या धंद्यावर अविश्वासाचा जो डाग तेव्हां पडला तो अद्याप पुरता धुतला गेलेला नाहीं. न्यूयॉर्क, बोस्टन वगैरे शहरांत वाय. एम. सी. ए. सारख्या संस्थांनीं १९०४-०५ च्या सुमारास मोटारविद्येचे वर्ग काढले ते कांहीं अंशीं याच उद्देशानें, कीं हें ज्ञान कांहीं थोड्या चालकांच्या मुठींत न राहतां जरा पसरावें.

मुंबईंत मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास. जमशेटजी टाटा हे पहिल्या मालकांपैकीं एक. येथें शोफरबरोबर आणखी एक मूर्ति दिसूं लागली, ती क्लीनरची. गाडी पुसणारा, पाणी भरणारा, हँडल फिरविणारा हा पोऱ्या आमच्या रस्त्यांवरील खरी उमेदवारीची शाळा होय. त्याची फी म्हणजे उस्तादाच्या शिव्या, आणि पदवी म्हणजे एके दिवशीं उस्तादानें त्याच्या हातीं दिलेला पाना. या शाळेनें हजारों कुशल माणसें निर्माण केलीं हें खरें; पण तींत शिकलेलें कांहींही कागदावर येत नसे, आणि हीच गोष्ट पुढें त्या माणसांस फार महाग पडली.

आतां कोठावळ्याकडे वळूं. सुटा भाग म्हणजे काय, हें आज आपणांस इतकें सहज वाटतें कीं एके काळीं ती कल्पनाच नव्हती हें पटत नाहीं. आरंभींची प्रत्येक मोटार जणूं स्वतंत्र शिल्प असे. कारागीर कानशीनें घासून एक भाग दुसऱ्यास बसवीत. तेव्हां एका गाडीचा दांडा दुसरीस बसेल ही आशाच नको. इ. स. १९०८ सालीं इंग्लंडांत ब्रुकलंड्सच्या शर्यतीच्या मैदानावर एक विलक्षण परीक्षा झाली. अमेरिकेंतील कॅडिलॅक कंपनीच्या तीन गाड्या आणून त्यांचा तुकडा न् तुकडा सोडविण्यांत आला. तिन्ही गाड्यांचे भाग एकमेकांत मिसळले. त्यांतील ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागीं विक्रेत्याच्या कोठारांतील नवे भाग घातले. आणि मग केवळ पाने व पेंचकस यांच्या साह्यानें, कानस न लावतां, पुनः तीन गाड्या उभ्या केल्या. त्या गाड्या पुढें पांचशें मैल धांवल्या. या परीक्षेबद्दल कंपनीस इंग्लंडांतील ड्यूअर करंडक मिळाला.

या प्रसंगाचें महत्त्व कारखानदारीच्या इतिहासांत सर्वत्र सांगितलें जातें. पण त्याच दिवशीं एक नवा धंदा जन्मला, तिकडे फारसें लक्ष जात नाहीं. भाग जर एकसारखे, तर ते घडविणारा लोहार नको. ते ओळखणारा, सांठविणारा आणि वेळेवर काढून देणारा माणूस हवा. त्याच्या हातांत हातोडा नव्हे, सूचिग्रंथ आला. प्रत्येक स्क्रूस क्रमांक, प्रत्येक क्रमांकास फडताळांतील एक घर. जुना क्रमांक रद्द होऊन नवा आला तर तो ध्यानांत ठेवावयाचा, कोणत्या साली कोणत्या महिन्यापासून भाग बदलला तें जाणावयाचें, आणि गिऱ्हाईक ‘तो वांकडा नळ द्या’ म्हणाला तर त्याच्या मनांतील नळ कोणता हें ताडावयाचें. जो हें नीट करतो तो दुकान तारतो. जो चुकीचा माल मागवून ठेवतो त्याच्या फडताळांवर मालकाचें भांडवल गंजत पडतें. बाहेरून पाहणाऱ्यास हें वाण्याच्या दुकानांतील नोकरीसारखें वाटतें. मला विचाराल तर हा बराचसा ग्रंथपालाचा धंदा आहे.

आमच्याकडे या कोठावळ्यास जो मान मिळाला तो टंचाईमुळें. फोर्ड कंपनीनें १९२६ त मुंबईंत बस्तान बसविलें. जनरल मोटर्सनें १९२८ त शिवडीस गाड्या जोडण्याचें काम सुरू केलें. सुटे भाग परदेशांतून येत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानें टाकलेल्या जीपगाड्या आणि मालमोटारी बाजारांत आल्या, तसे त्यांचे सांगाडेही आले. पुढें १९५३ त टॅरिफ कमिशनच्या अहवालावरून सरकारनें असें धोरण ठरविलें कीं, ज्यांजवळ येथेंच निर्मिति करण्याचा क्रमवार कार्यक्रम नाहीं त्यांनीं नुसत्या जोडणीचा धंदा चालवूं नये. फोर्ड व जनरल मोटर्स निघून गेल्या. त्यांच्या गाड्या मात्र येथेंच राहिल्या! त्यांस भाग कोठून मिळावेत? मग मुंबईचें ऑपेरा हाऊस, दिल्लीचा काश्मिरी गेट, कलकत्त्याचा मल्लिक बाजार, मद्रासचें पुदुपेट्ट, या बाजारांस तीर्थाचें महत्त्व आलें. जो भाग मिळत नाहीं तो खराद्याकडून घडवून घ्यावा, एका गाडीचा दुसरीस घासून बसवावा, असें सुरू झालें. म्हणजे ब्रुकलंड्सला जी कानस हद्दपार झाली होती ती आम्हीं सन्मानानें परत बोलाविली. आमच्या मिस्त्रींच्या कल्पकतेचें पुष्कळ कौतुक होतें, आणि तें योग्यच आहे; तथापि ती कल्पकता हौसेची नव्हती, नाइलाजाची होती, हें विसरूं नये. त्या काळांत एक सोय मात्र होती. रस्त्यावर गाड्या मुख्यतः दोनच, कुर्ल्याच्या कारखान्यांतील फियाट आणि बंगालमधील अँबॅसडर. एवढ्या दोन गाड्या ज्यास उमगल्या त्याचा जन्म सुखानें जाई. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी शेवटीं २०२३ सालीं निघाली. तिच्याबरोबर तिच्या नाडीचे जाणकारही निरुपयोगी झाले.

दुरुस्तीच्या मोलाचा प्रश्न अमेरिकेंत लवकर उभा राहिला. फोर्डनें १९१३ त सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडण्याची पद्धत आणली, आणि लवकरच असें वाटूं लागलें कीं जी पद्धत कारखान्यांत चालते ती कर्मशाळेंत कां चालूं नये? १९२० नंतरच्या दशकांत प्रत्येक दुरुस्तीस किती वेळ लागावा याचे तक्ते निघाले. ब्रेक बदलण्यास इतके तास, क्लचास इतके. गिऱ्हाइकास तेवढ्याच तासांचा आकार, आणि कारागिरासही तेवढ्याचीच मजुरी, मग काम अर्ध्या वेळांत होवो कीं दुप्पट. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें हें न्यायाचें, कारण किंमत आधीं कळते. पण कारखान्यांत येणारा प्रत्येक भाग नवा आणि सारखा असतो. कर्मशाळेंत येणारी प्रत्येक गाडी आपल्या परीनें झिजलेली असते. एकीचा नट हातानें सुटतो, दुसरीचा गंजून असा बसलेला असतो कीं त्यास गॅसच्या ज्योतीवांचून उपाय नाहीं. तक्त्यास गंज दिसत नाहीं. जो कारागीर विचार करून रोग शोधतो त्याचा विचाराचा वेळ कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं. जो भराभर भाग बदलीत सुटतो त्याची कमाई वाढते. फोर्डचा हा खटाटोप पूर्णपणें कधींच यशस्वी झाला नाहीं, तरी तक्ते मात्र राहिले, आणि आजही अमेरिकेंतील कारागिरांच्या असंतोषाचें तें एक मोठें कारण आहे.

तिसरा धंदा, पंचाचा, हा सर्वांत धाकटा, आणि माझ्या मतें सर्वांत अवघड. जुन्या मोटारीची काया लांकडी चौकटीची असे. ती बनविणारे बग्ग्यांचेच कारागीर. पुढें पोलादी पत्र्याची काया आली. १९२३-२४ त ड्यूको नांवाचा झटपट वाळणारा रंग निघाला, तेव्हां पूर्वीं कित्येक दिवस चालणारें रंगकाम थोड्या तासांवर आलें. त्यामुळें ठोकलेल्या पत्र्यावर रंगाचा हात फिरवून गाडी लवकर परत देणें शक्य झालें. याच वेळीं कायदाही आला. मॅसॅच्युसेट्स राज्यानें १९२७ पासून मोटारमालकांस विमा सक्तीचा केला. ब्रिटननें १९३० च्या कायद्यानें तेंच केलें. हिंदुस्थानांत १९३९ चा मोटार कायदा झाला, पण तिऱ्हाइताच्या नुकसानीविषयींचें त्यांतील प्रकरण १ जुलै १९४६ रोजीं अंमलांत आलें. ही सक्ति दुसऱ्याच्या हानीपुरती होती हें खरें. तथापि एकदां विम्याचा कागद घरांत आल्यावर स्वतःच्या गाडीचाही विमा उतरण्याची चाल पडली. तेव्हां मालक, गॅरेज आणि विमा कंपनी असे तीन पक्ष झाले. मालकास गाडी नवी व्हावी असें वाटतें; गॅरेजास काम मोठें असावें असें वाटतें; कंपनीस रक्कम लहान असावी असें वाटतें. या तिघांच्या मध्यें उभा राहून ‘हा पत्रा ठोकून सरळ होईल, हा बदलावाच लागेल’ असें सांगणारा माणूस तो हा पंच. आमच्याकडे त्यास सर्व्हेअर म्हणतात. हा शब्द विम्यांत जहाजांच्या व्यवहारांतून आला.

त्याचें गणित कसें चालतें तें एका कल्पित उदाहरणानें सांगतों. साडेतीन वर्षें वयाच्या गाडीस समोरून धक्का बसला. प्लॅस्टिकचा बंपर ८,००० रुपयांचा, लोखंडी दार २०,००० रुपयांचें, पुढची कांच ६,००० रुपयांची, आणि पत्रेकामाची मजुरी ९,००० रुपये, एकूण ४३,०००. हिंदुस्थानांतील मोटार विम्याच्या रूढ तक्त्याप्रमाणें प्लॅस्टिक आणि रबर यांस ५० टक्के घट, कांचेस घट नाहीं, आणि तीन ते चार वर्षें वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांस २५ टक्के घट. म्हणून कंपनीकडून ४,०००, १५,०००, ६,००० आणि ९,००० मिळून ३४,००० रुपये. शिवाय पॉलिसींतील सक्तीची वजावट असते ती वेगळीच. उरलेले ९,००० मालकाचे. अधिक हप्ता भरून ही घट टाळण्याची सोय अलीकडे झाली आहे, परंतु ज्यानें ती घेतलेली नसते तो मालक या कागदाकडे पाहून सर्व्हेअरास मनांतल्या मनांत काय म्हणतो तें येथें लिहिण्याजोगें नाहीं. आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला कीं गाडी पूर्ण निकामी धरली जाते. एका भागाविषयींच्या ‘ठोकावा कीं बदलावा’ या निर्णयानें पारडें इकडचें तिकडे होतें. हें सामर्थ्य लहान नव्हे.

पंचास पैसे कोण देतो, हा प्रश्न म्हणूनच सर्वत्र पेटला. अमेरिकेंत विमा कंपन्यांच्या संघटनांनीं ‘स्वतंत्र मूल्यमापन योजना’ म्हणून एक व्यवस्था काढली होती. नांव स्वतंत्र, पुरस्कर्त्या मात्र कंपन्याच! हे मूल्यमापक दर पाडतात आणि काम ठराविक दुकानांकडे वळवितात अशी तक्रार झाली, सरकारनें दावा लावला, आणि १९६३ त न्यायालयापुढें समेटाचा हुकूमनामा होऊन या गोष्टींस मनाई करण्यांत आली. गॅरेजवाले तो हुकूमनामा आजही ओठांवर ठेवून असतात. आमच्याकडे विमा कायद्यास १९६८ त ६४ यू. एम. हें कलम जोडलें गेलें, आणि २०,००० रुपये वा अधिक रकमेच्या दाव्यास परवानाधारक सर्व्हेअराचा अहवाल आवश्यक झाला. पण त्याच कलमांत अशीही तरतूद होती कीं अहवालांतील आंकड्याहून निराळ्या रकमेस दावा मिटविण्याचा कंपनीचा हक्क अबाधित आहे. पंच नेमावयाचा, आणि त्याचा निवाडा मानावयाचा कीं नाहीं हें एका पक्षानें ठरवावयाचें! या रचनेंत पंचाची अब्रू त्याच्या स्वतःच्या करारीपणावर उभी असते, कायद्यावर नव्हे.

या तिन्ही धंद्यांत वर चढण्याची वाट कशी आहे हें पाहिलें म्हणजे दोन देशांतील फरक ठळक दिसतो. अमेरिकेंत १९७२ त मोटारसेवेंतील प्रावीण्यासाठीं एक राष्ट्रीय परीक्षासंस्था स्थापन झाली. परीक्षा ऐच्छिक, पण नुसती परीक्षा पुरत नाहीं, दोन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, आणि प्रमाणपत्र पांच वर्षांनीं पुनः परीक्षा देऊन ताजें करावें लागतें. इंजिन आणि ब्रेक यांबरोबर सुट्या भागांचा जाणकार, गिऱ्हाइकाशीं बोलणारा सल्लागार, आणि टक्करीच्या नुकसानीचा अंदाज करणारा, यांच्याही परीक्षा तींत आहेत. म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या माणसानें चाळिशींत पाठ दुखूं लागल्यावर अंदाजपत्रकाच्या मेजाशीं बसावें, यास तेथें मार्ग आहे. पाठ हें या धंद्यांतील वयाचें खरें माप आहे.

आमच्याकडे १९५० त कारागीर-प्रशिक्षणाची योजना निघाली, औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या, १९६१ त उमेदवारीचा कायदा झाला. या उपक्रमांनीं पुष्कळांस कामास लावलें. पण सर्व्हेअराच्या परवान्यास अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका यांसारखी पात्रता पाहिजे. वीस वर्षें ज्यानें हातोडीनें दारें सरळ केलीं त्याचा अनुभव त्या दारांतून आंत जाण्यास पुरत नाहीं. उलट पदविकाधारक तरुण, ज्यानें एकही दार ठोकलेलें नाहीं, त्या मिस्त्रीच्या अंदाजास अर्धचंद्र देऊं शकतो. असे तरुण अप्रामाणिक असतात असें मुळींच म्हणणें नाहीं. त्यांतील शहाणे हळूच मिस्त्रीसच विचारून आंकडा लिहितात. मोठ्या कर्मशाळांतूनही असेंच. रोग ओळखतो खड्ड्यांतला माणूस. तो इंग्रजींत सांगतो स्वच्छ सदऱ्यांतला सल्लागार. आणि गिऱ्हाईक आभार मानतें तें सदऱ्याचे. जें ज्ञान कागदावर येतें त्यासच वेतन आणि मान मिळतो, हा न्याय कारखान्यानें सुरू केला. आम्हीं त्यास आमच्या जातिभेदाची जुनी सवय जोडून दिली.

अलीकडे तर ज्ञानासच कुलूप लागूं लागलें आहे. गाडींत संगणक आला, दोष वांचण्यास कंपनीचें उपकरण लागूं लागलें, आणि तें रस्त्यावरच्या गॅरेजास मिळेना. १९२७ त विमा सक्तीचा करणाऱ्या त्याच मॅसॅच्युसेट्सनें २०१२ त दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे २०१४ च्या ऑगस्टांत स्पर्धा आयोगानें सुटे भाग आणि निदानाचीं साधनें बाहेरच्या गॅरेजांस न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांस मिळून सुमारें २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढें अपिलांत गेलें. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम आले, विजेच्या गाड्या आल्या. त्यांच्या नारिंगी तारांतील विजेचा दाब प्राणघातक असतो; तेथें उस्तादाच्या शिव्या ऐकून शिकण्याची सोय नाहीं. पूर्वींचा बंपर म्हणजे एक पट्टी. आतां त्याच्या मागें दूरचें पाहणारें यंत्र बसविलेलें असतें आणि तें पुनः तंतोतंत लावून द्यावें लागतें. त्यामुळें किरकोळ धक्क्याचें बिलही मालकाचे डोळे विस्फारतें.

लहान दाव्यांत हल्लीं गाडीचीं छायाचित्रें पाहूनच रक्कम ठरविण्याचा प्रघात पडत आहे. मालक चार बाजूंनीं चित्रें काढून पाठवितो. दूर बसलेला माणूस, क्वचित् संगणकच, आंकडा कळवितो. परंतु पत्र्याच्या आंत काय वांकलें तें चित्रांत उमटत नाहीं, म्हणून कोठल्याही गॅरेजांत अंदाजपत्रकें दोन होतात. पहिलें, जें बाहेरून दिसलें त्याचें. मग मिस्त्री खालीं बसतो, बंपराचे बोल्ट एकेक करून सोडतो, आंतला आधार, रेडिएटराची चौकट, पुढचा दांडा हात लावून पाहतो आणि काय सांपडलें तें मोठ्यानें सांगतो. शेजारीं उभा असलेला सल्लागार तें दुसऱ्या, पुरवणी अंदाजपत्रकावर उतरवून घेतो, आणि त्याखालीं सही सल्लागाराची असते.